टिळकांची गाणी आधी उघडून तरी पाहा

नाताळ जवळ आला की नाशकात एक जुना वाद नव्याने पेटतो. शरणपूर रोडच्या आसपासच्या ख्रिस्ती घरांत तो जेवताना होतो, मोबाइलवरच्या ग्रुपांत रात्री उशिरापर्यंत चालतो आणि हल्ली चर्चच्या आवाराबाहेरही ऐकू येतो. ख्रिस्ती उपासनेत पेटी-तबल्यावर अभंग म्हणावेत का? बाहेरचे काही म्हणतात, अभंग विठ्ठलाचा. त्यात येशूचे नाव घालणे ही भोळ्या माणसाला जाळ्यात ओढायची युक्ती. आतले काही म्हणतात, भजनी चालीला देवळाचा वास येतो आणि ते देऊळ आम्ही मागे टाकून आलो. तरुण पोरांना हे दोघेही कंटाळवाणे वाटतात; त्यांना गिटार, कीबोर्ड आणि हिंदी-इंग्रजी वर्शिप साँग्ज हवीत. टिळकांच्या गीतांच्या बचावाला जे उभे राहतात त्यांचा युक्तिवाद तर सगळ्यांत दुबळा: नारायण वामन टिळक देशभक्त होते, शाळेच्या पुस्तकात त्यांच्या कविता होत्या, तेव्हा एवढे चालवून घ्या.

चारही बाजू मालकी आणि निष्ठा यांवर भांडतात. गाणे कुणीच उघडत नाही. माझे म्हणणे असे की छंदाला सातबारा नसतो. टिळक, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांच्याआधीचे कृष्णराव सांगळे यांची गीते ही मराठी कविता आहे आणि तिला कवितेचीच कसोटी लावली पाहिजे. त्या कसोटीवर जी पडतील ती पडू द्यावीत. पण जी उरतील त्यांना ना देशभक्तीच्या दाखल्याची गरज आहे, ना परदेशीपणाच्या दंडाची.

बाहेरचा आक्षेप हलक्यात काढण्यासारखा नाही. टिळकांनी आपला हेतू कधी लपवला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनचे काम केले. महाराष्ट्र ख्रिस्ताकडे यावा अशी त्यांची उघड इच्छा होती. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. वारकऱ्याला हे खुपणारच. ज्याच्या पायाशी आपली वाट संपते त्याला कुणी वाटेतला पूल म्हटले तर राग येऊ नये काय? नगरकडे ख्रिस्ती कीर्तने उभी राहिली तीही केवळ कलेच्या प्रेमापोटी नव्हेत. लोक प्रवचनाला येत नव्हते, कीर्तनाला येत होते. तेव्हा ‘हे निव्वळ साहित्य होते’ असे सांगणारा खोटे बोलतो. ती प्रचाराची गाणी होती.

बरे, मग? ज्ञानदेवांपासून गाडगेबाबांपर्यंत कीर्तनाला उभा राहिलेला कोणता माणूस श्रोत्याला बदलायला निघालेला नव्हता? प्रचार हा दोष असेल तर अर्धे मराठी काव्य बासनात बांधावे लागेल. गोंधळ देवीचा, जोगवा देवीचा. एकनाथांनी दोन्ही उचलले आणि विठ्ठलभक्तीच्या कामाला लावले. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान, परंपरेने सूफी. त्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, अभंग रचले आणि वारकऱ्यांनी त्यांना आपले मानले. जोतीराव फुल्यांनी तर अभंगाची चौकट घेतली, विठ्ठलाला बाहेर ठेवले, निर्मिकाला आत बसवले आणि त्या रचनांना ‘अखंड’ म्हटले. फुल्यांनी वारकऱ्यांची फसवणूक केली असे आज कुणी म्हणेल काय? प्रार्थना समाज मूर्ती मानत नव्हता, तरी तुकोबांचे अभंग गात होता. आणि आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट: भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा तमाशातला गण-गौळणीचा साचा हाताशी होताच, गणपतीच्या जागी भीमवंदना आली, गौळणीच्या जागी शिक्षणावरचे आणि अस्पृश्यतेवरचे संवाद आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी गावोगाव फिरून त्याच लोकचालींवर हजारो लोकांना बाबासाहेब शिकवले. तमाशा गणपतीचा होता, तो पळवला, असा खटला कुणी भरला नाही. मग खटला फक्त टिळकांवरच का?

‘भोळ्याला फसवले’ या शब्दांत श्रोत्याचा जो अपमान आहे तोही लक्षात घ्या. ज्या गीताच्या ध्रुवपदातच येशूचे नाव आहे ते ऐकणाऱ्याला आपण काय ऐकतो आहोत हे कळत नाही असे मानायचे? फसवायचे असते तर नाव लपवले असते. आणि टिळकांच्या बाबतीत ही कथा आणखी गुंतागुंतीची होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती. मिशनला हे पचणे अवघड होते. नुसती डोकी मोजणारा प्रचारक असे काही करेल? बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार रुजायच्या आतच थांबला. त्याचे पुढे काय झाले असते यावर बोलण्यात अर्थ नाही. पण ज्या माणसाला एक बाजू मिशनचा एजंट म्हणते त्याने शेवटची दोन वर्षे मिशनच्या बाहेर काढली, एवढे तरी वादात यायला हवे.

मराठीतले ख्रिस्ती गीत परदेशी सत्तेच्या आधाराने वाढले, असाही एक समज आहे. इतिहास नेमका उलटा आहे. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज धर्मोपदेशक गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठीच्या कौतुकाची त्यातली एक ओवी दर मराठी भाषा दिनाला सगळे भाषणात घालतात आणि तिथेच थांबतात. उरलेल्या जवळपास अकरा हजार ओव्यांकडे कोण जातो? गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी त्या गाइल्या, ऐकल्या, पाठ केल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. देशी भाषेतल्या ख्रिस्ती काव्याच्या मुळावर परदेशी सत्ता उठली होती. त्या ओव्या कुणाच्या बाजूच्या होत्या, हे आता ठरवा.

आतल्या आक्षेपाकडे मात्र मला अधिक वेळ थांबायचे आहे, कारण तो बाहेरच्यापेक्षा पुष्कळ वजनदार आहे आणि त्याला नीट उत्तर देताना मी फारसे कुणाला पाहिलेले नाही. तो असा: टिळक ब्राह्मण. अभंग, कीर्तन, आर्या, साकी, दिंडी हे सगळे त्यांच्या घरातले. ते ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना त्याची आठवण येणे साहजिक होते. पण नगर-नाशिककडच्या ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य कुटुंबे महार-मांग समाजातून आलेली. त्यांना देवळाच्या सभामंडपात पाऊल ठेवायची मुभा नव्हती. याच नाशकात मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षे चालला आणि दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ज्यांच्या आजोबांनी त्या दारात लाठ्या खाल्ल्या त्यांनी त्या दाराआडच्या सुरांची ओढ का बाळगावी? टिळकांची हळवी आठवण आमच्या गळ्यात का? आणि आमच्यासाठी पियानो, ऑर्गन, चार सुरांतले कॉयर हेच जर पहिल्यांदा उघडलेले दार असेल, तर त्याला परके म्हणणारे तुम्ही कोण?

याला ‘संस्कृती जपा’ हे उत्तर होऊ शकत नाही. ऑर्गनवर वाढलेल्या माणसाला ऑर्गन परका नाही, हे मी पूर्ण मान्य करतो. टिळकांच्या पुष्कळ गीतांतली संस्कृतप्रचुर भाषा शेतमजुराच्या घरातल्या बाईला अडखळवते, हेही मान्य. उपासनेत मी अशा बायका पाहिल्या आहेत, ज्या समासाच्या ठिकाणी नुसते ओठ हलवतात आणि ध्रुवपद आले की खणखणीत आवाजात गातात. तो टिळकांचा पराभव आहे आणि तो तसा नोंदवला पाहिजे.

पण या आक्षेपात एक गृहीत दडले आहे: अभंग म्हणजे देवळाच्या आतली चीज. ते खरे नाही. चोखामेळ्याला देवळात घेतले नाही, पण अभंगात कुणी अडवू शकले नाही. सोयराबाईने विटाळावर जो प्रश्न विचारला तो अभंगातच विचारला. कर्ममेळ्याने देवाला धारेवर धरले तेही अभंगात. देवळाचे दार बंद होते तेव्हा माणसे उंबऱ्याबाहेर उभी राहून ज्या छंदात बोलली तो हा छंद. तो पुजाऱ्याला बहाल करून टाकणे म्हणजे चोखोबाला दुसऱ्यांदा बाहेर काढणे नव्हे काय? ढोलकी, तुणतुणे, डफ ही तर त्याच वस्त्यांतली वाद्ये. ख्रिस्ती गीताला देशी चाल टिळकांनीच पहिल्यांदा दिली असेही नाही. त्यांच्याआधी नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर गीते रचली आणि पेटी-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तने केली. सांगळ्यांचे नाव आज कॉयरमधल्या किती जणांना माहीत आहे? टिळकांच्या आख्यायिकेत ते झाकले गेले. त्यांच्या ओळी साध्या, बोलीला लागून असलेल्या. जिथे टिळक अडखळवतात तिथे ते सरळ चालतात. ब्राह्मणी आठवणींवर राग असेल त्याने सांगळे गावेत. अभंग सोडायचे कारण त्यात कुठे आले?

दुसरे गृहीत असे की पाश्चात्य चाल ही जणू पवित्र, निर्मळ, आभाळातून उतरलेली. तिचा इतिहास पाहिला की हसू येते. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळींत फक्त बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्रे पद्यात बसवून म्हणत. माणसाने स्वतः रचलेले गीत उपासनेत आणणे हा उद्धटपणा मानला जाई. लंडनचे बाप्टिस्ट पाळक बेंजामिन कीच यांनी आपल्या मंडळीत दर रविवारी गीत गायचे ठरवले तेव्हा काही सभासद रागावून बाहेर पडले आणि त्यांनी न गाणारी वेगळी मंडळी थाटली! साउदम्प्टनचा आयझॅक वॉट्स चर्चमधल्या रडक्या गाण्याला कंटाळला होता. बापाने म्हणे त्याला सुनावले की मग तूच काही बरे लिहून दाखव. १७०७ मध्ये त्याचा गीतसंग्रह आला. १७१९ मध्ये त्याने स्तोत्रसंहिताच नव्याने लिहिली आणि तिचा कर्ता मानल्या जाणाऱ्या दावीदाला ख्रिस्ती माणसासारखे बोलायला लावले. हा तर टिळकांच्याही पुढचा उद्योग! वॉट्स गावा की नाही यावरून अमेरिकेत प्रेस्बिटेरियन मंडळींत फूट पडली. आज नाशकातल्या ज्या वडीलधाऱ्यांना वॉट्सचे गीत म्हणजे शुद्ध उपासना वाटते त्यांच्या जागी अठराव्या शतकातले वडीलधारे असते तर त्यांनीच त्याला नवा, दिखाऊ, जगिक म्हणून हाकलले असते.

चालींचे म्हणाल तर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, जगभर गायली जाणारी एक गंभीर चाल आहे. जर्मन संगीतकार बाखने १७२७ च्या ‘मॅथ्यू पॅशन’मध्ये ती पुन्हा पुन्हा वापरली. मूळ चाल हान्स लिओ हासलरची, १६०१ सालची, एका मुलीने मन चाळवल्याच्या प्रेमगीताची. थोड्याच वर्षांत ती धार्मिक शब्दांना जोडली गेली, पुढे पॉल गेरहार्टने काट्यांच्या मुकुटावरचे गीत तिच्यावर बसवले आणि आज तिच्यात प्रेमगीत कुणाला ऐकू येत नाही. बाखच्या लीपझिगमधल्या चर्चमध्ये प्रेमगीताची चाल वधस्तंभापाशी नेता येते आणि नाशकात भजनाची चाल नेता येत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते?

उलट अनुवादित गीतांत एक खरी अडचण आहे आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. इंग्रजी गीताचा सर्वांत चालता साचा आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा, एकाआड एक आघात. मराठी शब्दात आघाताला तेवढे वजन नाही. मिशनरी अनुवादकाने अक्षरे मोजून बसवली तरी चालीचा ठोका भलत्या अक्षरावर पडतो, ऱ्हस्व ताणला जातो, दीर्घ चेंगरतो आणि रिकाम्या जागा ‘रे’, ‘हो’, ‘तो’ने भराव्या लागतात. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरे. लांबी गाणारा ठरवतो, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक ऐकणाऱ्याच्या कानात जागा करते आणि शेवटच्या चार अक्षरांत विधान ठाम बसते. म्हणून अभंगात माणूस बोलल्यासारखा गाऊ शकतो. टिळकांना हे हाडीमासी ठाऊक होते. त्यांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटले. इंग्रजी गीतपरंपरेत ख्रिस्त राजा, मेंढपाळ, मित्र, खडक असतो. आई क्वचितच असते. विठूला आणि ज्ञानोबाला माउली म्हणणाऱ्या छंदात लिहायला बसल्यामुळे टिळकांच्या हाती हे संबोधन आपसूक आले आणि त्याबरोबर लेकराचा हट्ट, लाड, रुसवा हे सगळे आले. ख्रिस्ताशी आपले एकपण सांगताना ते चंद्र आणि चांदण्याकडे वळतात. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा पंडित इथे भुवया उंचावेल, भक्त उंचावणार नाही. दुसऱ्या एका गीतात ते म्हणतात की तुझ्या शाळेत विद्यार्थी म्हणून मोजायचीही ज्याची लायकी नाही त्याला तू मित्र म्हटलेस. हे गीत स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनी इंग्रजीत नेले आणि ते इंग्रजी गीतसंग्रहांत छापले गेले. म्हणजे स्कॉटलंडच्या चर्चमध्ये टिळक गायले जाऊ शकतात आणि नाशकातल्या उपासनेत त्यांच्यावरून मतदान घ्यावे लागते.

टिळकांची सगळी गीते या तोलाची नाहीत. सणासाठी, विवाहासाठी, मुलांसाठी, मिशनच्या गरजेसाठी त्यांनी पुष्कळ लिहिले आणि त्यातले बरेच नुसते उपदेश आहेत, ओवीला टांगलेले. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात ती केवळ टिळकांची म्हणून राहिली आहेत. पण शाळेच्या पुस्तकांनी केलेली कापणी याहून वाईट. तिथे टिळक ‘फुलामुलांचे कवी’ झाले. वनवासी फूल राहिले, घायाळ पक्षीण राहिली आणि ज्या गीतांसाठी त्यांनी जात, घर, नातेवाईक पणाला लावले ती वगळली. निरुपद्रवी तेवढा कवी ठेवायचा, उरलेला ख्रिस्ती लोकांकडे सोपवायचा. नंतर पुन्हा विचारायचे की तुमचे साहित्य मुख्य प्रवाहात का नाही! उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना जो विरोध झाला त्याची मुळे याच कापणीत आहेत. ज्यांनी आपल्याच भाषेतले ख्रिस्ती काव्य कधी वाचले नाही त्यांना मराठी लिहिणारा पाळक हा पाहुणाच वाटणार.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत नाशिकने हेच केले, जरा प्रेमाने. त्या जलालपूरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, आपल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे आपण घरचे पुस्तक मानतो. वडिलांचे पराकोटीचे सोवळे, टिळकांचा विक्षिप्तपणा, धर्मांतरानंतरची ताटातूट हे सगळे आपण हसत-रडत वाचतो. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी नाशकातच काढली. पण टिळकांनी सुरुवातीचे काही अध्याय लिहून सोडलेले ‘ख्रिस्तायन’ साठाहून अधिक अध्याय लिहून लक्ष्मीबाईंनी पुरे केले, हे किती नाशिककरांना ठाऊक आहे? शाळेत न गेलेल्या बाईने ओवीत येशूचे चरित्र लिहिले. मला ते ठिकठिकाणी टिळकांच्या भागापेक्षा जिवंत वाटते. टिळक ओवी लिहितात तेव्हा ज्ञानेश्वरी वाचलेला माणूस लिहितो. लक्ष्मीबाईंची ओवी जात्याजवळची आहे, तिच्यात घरातली माणसे फिरतात. बाईचे आयुष्य आपण उचलून घेतले आणि काम ठेवून दिले.

आयुष्य घ्यायचे आणि काम टाकायचे, ही खोड गीतकारांच्या बाबतीत जगभर दिसते. नाशकातल्या कुठल्याही नाताळ कार्यक्रमात ‘अमेझिंग ग्रेस’ झाले की निवेदक गोष्ट सांगतो: जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजावरचा, वादळात सापडला, देवाला हाक मारली, धंदा सोडला, गीत लिहिले. टाळ्या. खरी कालगणना अशी: वादळ १७४८ चे. त्यानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत समुद्रावर राहिला. गीत १७७३ च्या पहिल्या दिवसाच्या प्रवचनासाठी. गुलामीच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले ते १७८८ मध्ये. आणि आपण जी चाल गातो ती १८३५ मध्ये अमेरिकेत या शब्दांना जोडली गेली, न्यूटनच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी. म्हणजे देवाची कृपा गळ्याशी आल्यावरही माणूस सहा वर्षे माणसे विकू शकतो. या गीताचे खरे, अस्वस्थ करणारे वजन इथे आहे आणि आपली गोष्ट नेमके तेच पुसते.

नाशिककरांना तर हे पुसण्याचा अधिकारच नाही. न्यूटनचा व्यापार अटलांटिकचा होता. हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार निराळा. पण त्या दुसऱ्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात इथल्याच शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत वाढली, शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरणारा मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता; १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याने दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. शरणपूरची काही माणसे पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला गेली. शरणपूरच्या नावाच्या रस्त्यावर आज आपण सिग्नलला उभे असतो. तिथल्या चर्चमध्ये कृपेचे गीत गाताना कप्तानाची सहा वर्षे सांगू नयेत?

असाच वाद देशपातळीवर २०२२ मध्ये झाला. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा समारोप करणाऱ्या बीटिंग रिट्रीट या लष्करी समारंभातून ‘अबाइड विथ मी’ हे इंग्रजी ख्रिस्ती गीत वगळले गेले आणि त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आले. एक बाजू म्हणाली, वसाहतीची खूण गेली. दुसरी म्हणाली, गांधीजींचे आवडते गीत होते. पुन्हा दाखले, पुन्हा शिक्के! हेन्री लाइट हा ब्रिक्सहॅमचा क्षयाने पोखरलेला पाळक. १८४७ मध्ये हे गीत पूर्ण करून तो हवापालटासाठी निघाला आणि त्याच वर्षी नीस शहरात वारला. दिवस बुडतो आहे, मदत करणारे निघून गेले, तू तेवढा थांब, अशी ती मरणाऱ्या माणसाची विनवणी. साम्राज्याचे काय आहे त्यात? लष्करी समारंभात कोणते गीत वाजवावे हे सरकारने जरूर ठरवावे. नवे गीत आपल्या सैनिकांवरचे आहे, त्याला कुणाची हरकत असणार? पण वगळण्याचे कारण देताना गीत ऐकलेले तरी असावे. गांधीजींच्या आश्रमात हे भान होते. आश्रम भजनावली सिद्ध करणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य, आणि पलुसकरांचा रामनाम आधाराश्रम इथेच, नाशकात. रामनामात बुडालेल्या गुरूच्या त्या शिष्याने केलेल्या संग्रहात ख्रिस्ती गीतेही बसली.

राहता राहिली तरुण मंडळी. त्यांचे म्हणणे मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण ते संस्कृतीच्या गप्पा मारत नाहीत. आम्हाला हे गाता येत नाही, एवढेच सांगतात. नाशिक आता नुसते मराठी शहर राहिलेले नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे आलेली मल्याळी, तमिळ, हिंदी भाषक कुटुंबे त्याच बाकांवर बसतात, त्यांना जोडणारी हिंदी गाणी हवीतच. गिटारला माझा काडीचाही विरोध नाही. पेटीसुद्धा फ्रान्समधून आली आणि ती आल्यावर शास्त्रीय गायकांनी तिच्यावर काय कमी आग पाखडली? विरोध आहे तो एकाच गोष्टीला. पडद्यावर जी गाणी झळकतात त्यांत चार ओळी वीस वेळा येतात, रचणाऱ्याचे नाव नसते आणि त्यात दुःखाला जागा नसते. जय, विजय, आनंद, पुन्हा विजय. लाइट मरताना लिहितो, न्यूटन लाजेने लिहितो, लक्ष्मीबाई नवरा गेल्यावर त्याचे अर्धे राहिलेले पुराण उचलतात, सोयराबाई विटाळाने पोळून बोलते. एकविसाव्या वर्षी नोकरी नसलेल्या, घरी बाप दारू पिणाऱ्या मुलाला विजयाची गाणी कितीशी पुरणार?

तेव्हा माझी सूचना साधी आहे आणि ती अमलात आणायला कुणाच्या ठरावाची गरज नाही. ज्या कॉयरला गिटार येते त्यांनी सांगळ्यांचे एक गीत, लक्ष्मीबाईंच्या काही ओव्या आणि टिळकांचे गुरुमाउलीचे गीत घ्यावे. कॉर्ड्स बसवाव्यात, लय हवी तशी ठेवावी, पडद्यावर रचणाऱ्याचे नाव आणि साल घालावे. टिळकांची उपदेशाची गीते बिनदिक्कत गाळावीत. जुन्या पेटीवाल्यांपैकी जे अजून आहेत त्यांच्याकडून चाली रेकॉर्ड करून घ्याव्यात, कारण उपासना संगीतात शब्द छापलेले आहेत, पण पुष्कळ चाली फक्त त्यांच्या बोटांत आहेत. आणि बाहेरून ‘आमचा अभंग चोरला’ म्हणणाऱ्याला उपासनेला बोलवावे, पुस्तक हातात द्यावे आणि कोणती ओळ चोरलेली आहे ते दाखवायला सांगावे.